मोगऱ्याचं शिफ्टिंग

नवं घर, मागे चिमुकलं परस, डोक्यावर ईएमआय आणि अंगावर खान्देशचं ऊन! धुळ्याच्या माहेरची बाग जळगावच्या रो-हाउसमध्ये आणताना काय काय घडलं, त्याची ही गोष्ट...

ब्रोशरमध्ये एक फोटो होता. हिरवंगार लॉन, त्यावर पांढरी खुर्ची आणि खुर्चीत कॉफीचा मग हातात घेऊन बसलेली एक तरुणी. खाली लिहिलं होतं, ‘प्रायव्हेट गार्डन स्पेस’. ती तरुणी म्हणजे मीच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं!

त्याआधी पुण्यात सहा वर्षं वन बीएचकेमध्ये काढली होती. बाग म्हणजे बाल्कनीतल्या तीन कुंड्या, त्यातली एक कायम वाळलेली. मग नवऱ्याचं ‘वर्क फ्रॉम होम’ कायमचं झालं. मला जळगावात एका कंपनीत अकाउण्ट्सची नोकरी मिळाली. पुण्यात ज्या बजेटमध्ये कसाबसा वन बीएचके बसत होता, त्यात इथे चक्क रो-हाउस येत होतं. शिवाय माझं माहेर धुळ्याचं. पारोळा, एरंडोल करत दोन तासांत जळगाव. एवढं सगळं जुळून आल्यावर फार विचार कोण करतो? २०२३ च्या दिवाळीत पिंप्राळ्याच्या पुढच्या आमच्या नव्या घरात पहिला आकाशकंदील लागला.

दुसऱ्या दिवशी उजेडात ती ‘गार्डन स्पेस’ नीट बघितली. वीस फूट बाय अठरा फूट. एका कोपऱ्यात सिमेंटची फाटकी पोती, दुसऱ्या कोपऱ्यात गवंड्यांनी मांडलेली चूल आणि तिची राख. लॉन नव्हतं. पांढरी खुर्ची नव्हती. कॉफी तेवढी होती, ती उभ्यानेच प्यायले.

खाली काय पुरलंय?

नव्या घरात राहायला गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव येत असणार. वन बीएचकेमधलं सामान मोठ्या घरात ठेवलं की ते कुठल्या कुठे हरवून जातं. आमचा सोफा हॉलमध्ये एकटा पडला होता. बोललं की आवाज घुमायचा. पडदे लागले, गीझर लागला, गॅसचं कनेक्शन आलं, तरी रात्री लाइट घालवताना आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलोय असंच वाटायचं.

म्हटलं, बाग करू या. घर आपोआप आपलं वाटायला लागेल.

पहिल्याच रविवारी नर्सरीतून आठशे रुपयांची रोपं आणली. गुलाब, जास्वंद, शेवंती, एक फॅन्सी पाम. यूट्यूब बघून खड्डे केले, खत घातलं, फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले. भरपूर अंगठे आले. तीन आठवड्यांनी सगळी पानं पिवळी! शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, असं काहीतरी विचित्र. मी पाणी वाढवलं. मग खत वाढवलं. रोपं अजून जोरात मरायला लागली.

शेजारच्या काकू कंपाउंडवरून हे सगळं रोज बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“अगं, वरून काय घालतेस? आधी खाली काय पुरलंय ते तर बघ!”

कुदळ लावली. दोन इंच लाल माती आणि तिच्याखाली अख्खं बांधकाम! टाइल्सचे तुकडे, विटांचा चुरा, वाळलेलं सिमेंट, पाइपची तोंडं, गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल. एकच. त्या चपलेचा जोडीदार कुणाच्या परसात असेल, देव जाणे.

कारण नंतर समजलं. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती अल्कली होते. आपल्याकडची काळी माती मुळातच थोडी त्या बाजूची. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. म्हणून शिरा हिरव्या आणि पान पिवळं. वरून कितीही खत घाला, उपयोग शून्य.

मग आमचे तीन वीकेण्ड घमेली भरण्यात गेले. नवऱ्याने जिम लावायचा विचार सोडून दिला. दोन फूट खोल खणून राडारोडा काढला, एक ट्रॉली काळी माती आणि अर्धी ट्रॉली कुजलेलं शेणखत भरलं. आठशेची रोपं मेली ती मेलीच. पण बाग ही विकत आणायची गोष्ट नाही, एवढी अक्कल त्या आठशे रुपयांत आली. स्वस्तच पडली म्हणायची!

काळ्या मातीचे नखरे

काळी माती म्हणजे खान्देशचं वैभव वगैरे आपण भूगोलात वाचतो. कापूस तिच्यामुळे, केळी तिच्यामुळे, जळगावचं भरताचं वांगं तिच्यामुळे. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘जीआय टॅग’ही मिळाला. पण ही माती घरामागे आली की तिचे नखरे कळतात.

पाणी मिळालं की ती फुगते. वाळली की आक्रसते. पावसाळ्यात चिकटून चप्पल ओढून घेते आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की पंजा आत जावा. पाणी लवकर सोडत नाही हा तिचा गुण आणि तोच तिचा दोष. कापसाला ते मानवतं. गुलाबाची मुळं मात्र त्यात कुजतात. म्हणून वाफे जमिनीपासून सहा इंच उंच केले. आणि मातीचं हे फुगणं-आक्रसणं घराच्या पायालाही त्रास देतं, म्हणून भिंतीपासून पाच फूट जागा कोरडी सोडली. तिथे फरशी टाकली आणि अखेर खुर्ची ठेवली. निळी, प्लॅस्टिकची. चालतंय की!

जानेवारीत मेथी आली. पहिली जुडी कापली तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना डब्यातली भाजी जबरदस्तीने खायला लावली.

पाण्यासाठी ठिबक बसवलं. जळगावात राहायचं आणि ठिबक नाही, म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाण्यासारखं! भवरलाल जैन यांच्या कंपनीमुळे ठिबक हा शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतो. गच्चीवरच्या टाकीला फिल्टर, त्याला सोळा एमएमची नळी आणि तिच्यावर चौदा ड्रिपर. ड्रिपरवर ताशी चार लिटर लिहिलेलं असतं, पण घरच्या टाकीचा दाब कमी. आम्ही खाली भांडं लावून मोजलं, अर्ध्या तासात साधारण दीड लिटर. म्हणजे सगळ्या झाडांना मिळून वीस-एकवीस लिटर, दीड बादली! आधी मी नळी हातात धरून पाच मिनिटं ‘शॉवर’ द्यायचे, त्यात चार-पाच बादल्या जायच्या.

मला वाटलं, जिंकलो आपण. तेवढ्यात मार्चमध्ये आण्णांचा फोन आला.

आण्णांचा फोन

“देवपूरचं घर दिलं,” आण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा, गॅस संपला असं सांगितल्यासारखा.

माहीत होतं तसं. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, दादा नाशकात होता, तो कधीचा दोघांना बोलावत होता. पण ‘द्यायचंय’ आणि ‘दिलं’ यात फरक असतो. घेणाऱ्याला तिथे अपार्टमेंट बांधायची होती. जूनआधी ताबा हवा होता.

धुळ्याचं ते घर आण्णांनी शिक्षकाच्या पगारात, प्रॉव्हिडंट फंड काढून बांधलं. मागचं परस घराएवढंच. त्यात कडुनिंब, विहिरीसारखा खोल हौद, कढीपत्ता आणि मोगरा. मी पहिलीत गेले त्या वर्षी लावलेला तो मोगरा. उन्हाळ्यात संध्याकाळी आई ओंजळभर कळ्या तोडून पाण्याच्या माठात टाकायची. आजही फ्रिजचं पाणी प्यायलं की मला काहीतरी कमी लागतं, ते हेच असणार.

“मोगरा मी नेते,” मी म्हटलं.

“आत्ता? एप्रिल-मेत? झाड हलवायला पावसाळा लागतो.”

“पावसाळ्यापर्यंत घर असेल का?”

पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “आधी तुझ्या पाण्याचं सांग. किती आहे?”

मी ठिबकचं कौतुक सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं. “देतेस कसं ते नाही विचारलं. आहे किती?”

पांझरेचा फण्डा

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. आजोबांची जमीन फडावर होती. फड म्हणजे तमाशाचा नव्हे बरं का! पांझरेवर आणि आसपासच्या नद्यांवर काही शतकांपासून चालत आलेली पाणीवाटपाची ही पद्धत. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडायचे, बहुतेक ठिकाणी चार. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात कमी पाण्याचं पीक. पुढच्या वर्षी पिकं फिरवायची. शेतकऱ्यांच्या जमिनीच्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या, त्यामुळे नफा आणि झळ दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाऊस कमी झाला, तर किती फड भिजवायचे ते आधीच ठरवायचं.

मी हे लहानपणापासून ऐकत होते, म्हणजे एका कानाने. आण्णांचा आणखी एक आवडता किस्सा विश्वेश्वरय्यांचा. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेला हा तरुण इंजिनीअर सुरुवातीच्या काळात धुळ्यात होता, आणि पांझरेच्या खोऱ्यात नळाच्या सायफनने पाणी पलीकडे न्यायचं अवघड काम त्याच्याकडे आलं होतं. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ‘ब्लॉक सिस्टिम’ आणली. तिचं आणि आपल्या फडाचं नातं आण्णा अगदी फळ्यावर काढल्यासारखं समजावतात. आपली पहिली पोस्टिंग आडगावात आली म्हणून रडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

तर आण्णा एका रविवारी जळगावला आले. परस बघितलं. कागद मागितला. माझ्या वीस बाय अठराचे चार भाग केले आणि म्हणाले, “मेमध्ये यातलं काय मरू द्यायचं, ते आज ठरव.”

मला रागच आला. मी मरू द्यायला लावतेय का झाडं?

“फडात पहिला प्रश्न पाण्याचा. पीक त्याच्यानंतर,” ते म्हणाले. “तुझ्या नळाला रोज पाणी येत नाही. टाकी एक. त्यात दोन माणसं, आंघोळी, भांडी, वर कूलर. कूलर किती पाणी पितो मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. नवऱ्याने मोजलं. दुपारपासून रात्रीपर्यंत चालला, तर आमचा कूलर संपूर्ण बागेपेक्षा जास्त पाणी पीत होता!

नवऱ्याने मग बोअरचं कोटेशन काढलं. कंपनीत ‘सोल्यूशन ओरिएंटेड’ असल्याबद्दल त्याला नेहमी शाबासकी मिळते. मलाही पटत होतं. पण आमच्या गल्लीत आधीच पाच बोअर. त्यातली काकूंची दर एप्रिलमध्ये आटते. आमची तिच्याहून खोल गेली, तर पाणी आमच्याकडे येणार आणि काकूंची मार्चमध्येच आटणार. ज्या बाईने मला माती खणायला शिकवली, तिच्याच विहिरीत हात घातल्यासारखं झालं असतं. दोन रात्री आम्ही यावर वाद घातला. शेवटी कोटेशन फाडलं नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकलं. अजून तिथेच आहे.

आणि कागदावर ठरलं. पहिला फड कायमच्या झाडांचा: लिंबू, कढीपत्ता आणि येणारा मोगरा. त्याला बाराही महिने पाणी. दुसरा वांगी-मिरचीचा, पावसाळा-हिवाळा. तिसरा पालेभाज्यांचा, फक्त हिवाळा. चौथा फुलांचा, पाणी उरलं तर. एप्रिल लागला की दोन, तीन, चार बंद. वर पाचोळ्याचा जाड थर, आणि जमिनीला सुट्टी. फुलावर आलेल्या झेंडूचं पाणी मी स्वतःच्या हाताने बंद केलं, तेव्हा वाईट वाटलं. पण ते पाणी कुणासाठी राखलंय हे माहीत होतं.

आखाजीची रात्र

२०२४ ची अक्षय्य तृतीया १० मे ला आली. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खान्देशात ती आखाजी! लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर पुजतात. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी सांजोरी आणि आंबा. भर उन्हाळ्यात, जेव्हा पाण्याची सगळ्यात जास्त टंचाई, तेव्हा पूजा भरलेल्या घागरीची. आमच्या पूर्वजांना उगाच हुशार म्हणत नाहीत.

देवपूरच्या घरातली ती शेवटची आखाजी. मी झोक्यावर बसले. तेहतीस वर्षांची बाई, पण बसले. फांदी जरा कुरकुरली.

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर कामाला लागलो. मोगरा आधी निम्म्याहून जास्त छाटला, म्हणजे कमी मुळांवर जास्त पानांचा भार नको. भोवती गोल चर खणला. मुळांचा गड्डा मातीसकट निघावा म्हणून आदल्या रात्री पाणी दिलेलं होतं. तरी एक मोठं मूळ तुटलं. त्याचा ‘कट्’ असा आवाज आला, तेव्हा आण्णा आत निघून गेले. गड्डा ओल्या गोणपाटात बांधला. कढीपत्त्याचे दोन फुटवे घेतले. निंब काही नेता येत नव्हता. पण त्याच्या सावलीत मागच्या वर्षीच्या निंबोळीचं वीतभर रोप उगवलेलं होतं, ते मुळाला धक्का न लावता उचललं.

रात्री अकराला छोटा टेम्पो निघाला. पारोळ्याला चहा प्यायलो. टेम्पोवाल्याने विचारलं, “ताई, एवढ्या काटक्यांसाठी गाडी केली?” काय सांगणार होते मी त्याला?

पहाटे सूर्य वर यायच्या आत मोगरा पहिल्या फडात बसला. शेजारी आईने धुळ्याच्या बाजारातून मुद्दाम घेतलेली दुसरी कोरी घागर गळ्यापर्यंत पुरली. वर झाकण. कोऱ्या मातीच्या घागरीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळांना लागेल तेवढंच मिळतं. तिसऱ्या दिवशी भरायची. बस्स! ठिबकला वीज लागत नाही, याला तर नळीही लागत नाही.

काडी हिरवी आहे का?

आणि मग सुरू झालं टेन्शन. त्या मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला. मोगऱ्याची उरलीसुरली पानं चार दिवसांत गळली. राहिल्या सात-आठ काड्या. वर हिरवी जाळी बांधली होती, तिच्याखाली त्या काड्या बघून काळीज हलायचं. मी सकाळ-संध्याकाळ चोरून जास्तीचं पाणी घालायला लागले. ऑफिसात बॅलन्स शीटमध्ये आकडे चुकले.

आईला फोनवर कबूल केलं, तर ती अहिराणीत ओरडली, “पोरी, झाडले रोज पाजशी त ते आयशी व्हई जाई!” रोज आयतं पाणी मिळालं की झाड आळशी होतं. मुळं वरच रेंगाळतात, खाली जायची तसदी घेत नाहीत. मग एक दिवस पाणी चुकलं की गेलं. आणि काळ्या मातीत जास्त पाणी म्हणजे मुळं कुजणार, ते वेगळंच.

काकूंनी रोजची एक टेस्ट शिकवली. नखाने साल जरा खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर ती काडी गेली. रोज ऑफिसला जाताना मी एक काडी खरवडायचे. एक गेली. दुसरी गेली. कढीपत्त्याचा एक फुटवा गेला. दहा जूनला मोगऱ्याच्या तीनच काड्या हिरव्या होत्या.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला. पाचव्या दिवशी सकाळी बुंध्यापाशी, अगदी मातीला लागून, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं दिसलं. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग आण्णांना फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुपारी दादाचा फोन, “आण्णा बॅग भरतायत. तुझ्याकडे यायचं म्हणतायत. काय झालं?”

त्या महिन्यात देवपूरचं घर पडलं होतं. आण्णा तिकडे फिरकले नाहीत. ते जळगावला आले, निळ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “याला अजून वर्षभर कात्री लावू नको.” पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसत. त्यांचा आवाज घरात घुमत नव्हता. माझ्या लक्षात आलं, सोफा तोच आहे, पण हॉल आता तेवढा मोठा वाटत नाहीये.

परस सुरू करताय? (ही चौकट फ्रिजवर लावा!)

० रोपं आणण्याआधी दोन फूट खणून बघा. सिमेंट, विटा निघाल्या तर आधी त्या बाहेर.

० काळी माती असेल तर वाफे उंच करा आणि भिंतीपासून चार-पाच फूट दूर ठेवा. मोठं झाड पायाजवळ नकोच.

० रोज थोडं पाणी घालण्यापेक्षा अंतराने, पण खोल जाईल असं द्या. मातीत बोट घाला. दोन इंच खाली ओल असेल तर आज सुट्टी!

० एसीतून गळणारं पाणी झाडांना चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी क्षारांचं असतं, ते फरशीसाठी ठेवा.

० पाचोळा जाळू नका. उन्हाळ्यात तोच मातीचं पांघरूण.

० ठिबकचा फिल्टर आणि ड्रिपर महिन्यातून एकदा धुवा. क्षारांनी तोंडं बुजतात.

० उन्हाळ्यात कुठल्या वाफ्याचं पाणी बंद करायचं, ते हिवाळ्यातच ठरवा.

झोका

जुलैत दुसऱ्या फडात भरताच्या वांग्याची सहा रोपं लावली. फिकट हिरवी, मोठाली वांगी. चंपाषष्ठीला गल्लीतल्या चार घरांची भरीत पार्टी आमच्या परसात झाली. कपाशीच्या काड्या काकूंनी गावाकडून मागवल्या, त्यावर वांगी भाजली, लाकडी भांड्यात ठेचली. कळण्याच्या भाकरी काकूंच्या. वांगी कमी पडली, म्हणून दोन किलो बाजारातून आणली, हे मी कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला माहीत आहे.

त्याच पार्टीत निंबाचा विषय निघाला. वीतभर रोपाचं तोवर गुडघाभर झाड झालं होतं, कुंडीत. परसात त्याला जागा नव्हती, पाया जवळ. गल्लीच्या टोकाला कॉलनीची ओपन स्पेस होती. काटेरी झुडपं आणि क्रिकेट. तिथे लावायचं ठरलं. पण पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? आण्णा नेमके आलेले होते. त्यांनी कागद मागितला! सहा घरं, आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येकी एक बादली. सातव्या दिवशी झाडाला सुट्टी, ‘म्हणजे आयशी होणार नाही’. कागदावर वर लिहिलं, ‘पाणीपाळी’. क्रिकेटवाल्या पोरांतला एक पाटकरी नेमला. कुणी विसरलं की तो बेल वाजवतो. पगार म्हणून झाडाला लागलेला चेंडू आऊट धरायचा नाही.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. आई-आण्णा नाशिकहून आले. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फडावर पाचोळा पसरलेला, जमीन झोपलेली. पहिल्या फडात मोगऱ्याला एकवीस कळ्या होत्या. आईने मोजल्या. घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली. तीन कळ्या पितरांच्या घागरीत गेल्या, बाकीच्या पिण्याच्या माठात. संध्याकाळी पहिला ग्लास आण्णांनी घेतला. प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “हं.” आमच्या घरात याला उभं राहून टाळ्या वाजवणं म्हणतात.

मग आम्ही सगळे निंब बघायला गेलो. माझ्या खांद्याला लागत होता. आईने फांदी हाताने तोलून बघितली, जणू आत्ताच झोका बांधायचाय.

“अजून दहा-बारा वर्षं,” आण्णा म्हणाले.

नवऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या होम लोनचे अजून अठरा वर्षं हप्ते आहेत. म्हणजे झोका आधी बांधला जाणार, घर नंतर आमचं होणार.

कागदोपत्री म्हणतेय मी!